मदत हवी आहे: दोन कॉन्ट्रॅक्टमधले कोरडे महिने कसे निभवायचे?

नमस्कार मंडळी,

मी पिंपरी-चिंचवडला राहतो. वेल्डिंग फिक्श्चरचं, म्हणजे वेल्डिंग करताना गाडीचे भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यांचं, डिझाइन करतो. दहा वर्षं नोकरी केली, गेली चार वर्षं स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टवर आहे. चाकण-भोसरी पट्ट्यातून कामं येतात. गाडीचं नवं मॉडेल येणार असलं की सहा-आठ महिने डोकं वर काढायला वेळ नसतो. डिझाइन मंजूर होऊन काम शॉप फ्लोअरवर गेलं की माझी गरज संपते. यंदा फेब्रुवारीअखेर काम संपलं. पुढचं जूनपासून, असं तोंडी ठरलंय, पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर) अजून हातात नाही.

तीन महिने रिकामे जाणार हे मी धरूनच चालतो. माझी चूक होते ती दुसरीकडे. बिलं ६० दिवसांच्या उधारीवर असतात. फेब्रुवारीचे पैसे एप्रिलअखेर येतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये हातात काम नसूनही घर नीट चालतं आणि मी निर्धास्त राहतो. जूनचं बिल १ जुलैला लावलं की पैसे ऑगस्टअखेर. म्हणजे मे ते ऑगस्ट, चार महिने खात्यात काहीच जमा नाही, आणि त्यातले तीन महिने मी दिवसभर कामावर! तेव्हा दुसरं काही करायला वेळही उरत नाही.

हप्ता धरून घरखर्च महिना ५५ हजार. मुलीची फी जूनमध्ये, मेडिक्लेमही त्याच सुमारास. एफडी दोन लाखांची आहे, ती पुरत नाही. शिवाय प्रत्येक बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो. गेल्या वर्षी ९ लाखांच्या बिलांवर ९० हजार अडकले. प्राप्तिकराच्या ४४एडीए कलमाखाली बिलांची निम्मीच रक्कम उत्पन्न म्हणून धरली गेली, कर शून्य आला, पण रिफंड मिळेपर्यंत दिवाळी उजाडली.

आता भोसरीच्या एका वर्कशॉपनं ताशी ३५० रुपयांनी काम देऊ केलंय. माझा दर ६०० आहे. इथे सगळे एकमेकांना ओळखतात, एकदा दर उतरला की तो वर चढवणं फार कठीण. घेऊ का? बायको म्हणते घ्या, आणि तिचं चुकतंय असंही मला वाटत नाही.

प्रतिसाद

दादा, मी नाशिकला पाइपिंग डिझाइन करते, बारा वर्षं झाली. आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काढा, मोफत आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की पीओत काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर तो खर्च त्यांना पैसे चुकते केल्याच्या वर्षीच दाखवता येतो, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. नोंदणी मात्र पीओच्या आधीची हवी.

कमी टीडीएसचा दाखला प्राप्तिकर खात्याकडे ऑनलाइन मागता येतो, सीएला विचारा. तुमचा कर शून्यच येत असेल तर ते ९० हजार वर्षभर तिकडे कशाला ठेवायचे?

वर्कशॉपचं काम घ्या, पण ताशी दराने नको. ड्रॉइंगमागे ठोक रक्कम सांगा, आणि फक्त टूडी डिटेलिंग (तयार डिझाइनवरून मापांसकट सपाट ड्रॉइंग काढणं) घ्या. मग ६००शी तुलना होत नाही. मेडिक्लेम काही झालं तरी तुटू देऊ नका.

आणि भरल्या महिन्यांतही घरखात्यात ५५ हजारच टाका, बाकी वेगळ्या खात्यात राहू दे. मला हे जमायला तीन वर्षं लागली.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. उद्यम काढलेलंच नव्हतं, या आठवड्यात काढतो. टूडीचं आजच बोलून घेतो. एक धाकधूक राहते: पीओ यायच्या आधीच ४५ दिवसांचं काढलं तर काम दुसऱ्याकडे जाईल का? तुम्ही पहिल्यांदा कसं मागितलंत, कुणाशी बोललात, पर्चेसशी की प्रोजेक्ट मॅनेजरशी?