मदत हवी आहे: सासूबाईंच्या साड्यांच्या गोधड्या (घरी नातवंडांना आणि ऊसतोडीच्या लेकरांना)

मीनल_कराड

नमस्कार मंडळी,

इथले जुने धागे चाळले. गोधडीबद्दल जे सापडलं ते सगळं "पुण्यात चांगली कुठे मिळेल" आणि "आजीच्या गोधडीची ऊब" या दोनच अंगांनी. मला ती शिवायची आहे, म्हणून नवा धागा काढते आहे.

सासूबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या दोन ट्रंका उघडल्या. वर सुती नऊवारी, वापरून वापरून मऊ झालेल्या. त्याखाली पाचवारी, त्यातल्या निम्म्या सुती, निम्म्या नायलॉन आणि जॉर्जेट. तळाला तीन रेशमी, हात लावला की काठाची जर सुटते अशा. ज्यांना नेसायच्या होत्या त्यांनी आपापल्या नेल्या. तरी तीसेक उरल्यात आणि त्या मला बोहारणीच्या टोपलीत घालायच्या नाहीत.

बेत असा आहे. भाचीचं बाळंतपण पौषात आहे, तिच्या बाळाला दोन दुपटी. दोन्ही नातवांना एकेक सिंगल बेडची वाकळ. आणि राहिलेल्या कापडात जेवढ्या होतील तेवढ्या ऊसतोडीच्या लेकरांना. कारखान्याचा रस्ता आमच्या घरावरून जातो. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोड्यांच्या टोळ्या उतरतात, कोप्या (त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि डिसेंबरात अंधार असतानाच आईच्या पदराला धरून फडाकडे निघालेली पोरं दिसतात, अंगात एक शर्ट, तोही बिनबटणाचा.

मला मशीनवर ब्लाउज, परकर, उशीचे अभ्रे एवढं येतं. गोधडी कधी शिवलेली नाही. किती साड्या लागतात, थर किती घालायचे, नायलॉनचं काय करायचं, टाके कडेनं सुरू करायचे की मधून, मशीनला एवढी जाडी झेपेल का? आणि मुख्य म्हणजे द्यायच्या गोधड्या घरच्यासारख्याच कराव्यात की त्यांचं गणित वेगळं असतं? हंगाम सुरू व्हायच्या आत हातावेगळं करायचं आहे.

तिरपा_टाका

मीनलताई, आधी मापाचं बघू, बाकी सगळं त्यावर ठरतं.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच. दुपट्यासाठी ३६ इंचावर घडी घालत गेलात तर एका साडीत बरोबर सहा थर होतात. ३६ बाय ४५ चं दुपटं, कात्री न लावता. घडीवर घडी घालायची, कडा आपोआप बंद होतात, फक्त दोन बाजू दुमडून घ्यायच्या. नऊवारीचे त्याच मापाचे नऊ थर होतील, ते बाळाला जड. तिचे तीन वार कापून बाजूला काढा.

सिंगल बेडला ६० बाय ९० धरा. साडीतून ६० इंचाचे तीन तुकडे निघतात, दोन तुकडे ६० इंचाच्या कडेने एकमेकांना जोडले की एक थर. म्हणजे चार साड्यांत सहा थर, शिवाय प्रत्येक साडीचा ३६ इंचाचा तुकडा उरतो तो गोटाला आणि ठिगळांना. एक खुबी: सगळे जोड मधोमध एकावर एक आले तर तिथे उंचवटा होतो आणि झोपणाऱ्याच्या पाठीला रात्रभर टोचतो. म्हणून एक आड एक थरात मधे अख्खा पन्हा आणि वर-खाली अर्धा-अर्धा पन्हा लावा.

प्रत्येक साडी उजेडात धरून बघा. जिथे कापड विरलंय, पलीकडचा हात दिसतो, ते आतल्या थराला. वर आणि खाली मात्र दणकट कापडच हवं. जुन्या साड्यांना खळ असेल तर ती पूर्ण धुऊन काढा. खळीला कसर लागते आणि दोन वर्षांनी गोधडी चाळणीसारखी होते. लाल, गर्द निळ्या साड्या ओल्या करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तरी उतरतच राहिला तर ती बाद.

अण्णा_बीडवाले

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आमचं चुलतघर पिढीजात टोळीत. सुट्टीत मीही कोपीत राहिलोय.

गणित वेगळंच असतं. शहरातली माणसं देताना जाड बघतात. चांगली नऊ-दहा थरांची, उचलायला दोन हात लागणारी. ती एकदा भिजली की तीन दिवस वाळत नाही. कोपीत पाणी डोक्यावरून आणायचं, धुणं ओढ्याला नाहीतर मोटारीच्या पाटाला, आणि वाळत घालायला एक दोरी. लेकरू रात्री ओलं करणार हे धरूनच चाला. जाड गोधडी महिन्यात वास मारायला लागते आणि मग ती खाली अंथरायला जाते. चार थरांच्या दोन द्या, आठ थरांची एक नको. एक वाळत असताना दुसरी अंगावर राहते. थंडी वाढली तर दोन्ही एकदम घेता येतात.

दुसरं, नायलॉन अजिबात नको. कोपीचं छप्पर ताडपत्रीचं, खाली पाचट पसरलेलं, आणि त्याच पाच-सहा हातांच्या जागेत चूल. ठिणगी उडाली तर सुती कापडाला भोक पडतं, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं.

रंग गडद घ्या. पांढरी, पिवळी, अबोली साडी पंधरा दिवसांत पाचटाच्या आणि चुलीच्या रंगाची होते. वाईट दिसलेली चालेल हो, पण बाई बिचारी ती घासून घासून फाडते.

माप पाच बाय चार फूट पुरे. लेकरं दोन-दोन एकात झोपतात.

मीनल_कराड

अण्णा, हे मला कुणी सांगितलंच नसतं. मी खरंच आठ थरांच्या धरून चालले होते, वर पांढरं अस्तर लावून.

द्यायच्या कशा? रस्त्यावर गाडी थांबवून वाटप मला नको आहे.

अण्णा_बीडवाले

मुकादमाला गाठा. टोळीत किती कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) आणि किती लेकरं हे त्याला तोंडपाठ असतं. सगळ्यांना पुरतील एवढ्या झाल्या तरच द्या, नाहीतर सगळ्यात लहान लेकरं असलेल्या घरांपुरतं त्यालाच ठरवू द्या. दहा कोप्यांत चार गोधड्या टाकून गेलं की मागं भांडणं लागतात. टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात द्या. संक्रांतीला वाटप करणारे पुष्कळ येतात, तोवर निम्मी थंडी सरलेली असते. आणि फोटो काढू नका, एवढं ऐका.

गोट_आणि_काठ

मशीनबद्दल. काळं पायाचं जुनं मशीन असेल तर मऊ सुतीचे चार-पाच थर आरामात जातात. सुई १६ नंबरची, थर वाढले तर १८. टाका सगळ्यात लांबवर ठेवा. अडचण जाडीची नसते, गुंडाळीची असते. मशीनच्या कमानीतून गोधडीची गुंडाळी जायला जागा कमी. पाच बाय चारची जाते, सिंगल बेडची ओढताना खांदे भरून येतात.

माझं मत विचाराल तर द्यायच्या मशीनवर करा, चार बोटांच्या अंतराने सरळ उभ्या रेघा, भराभर होतील आणि धुण्याला टिकतील. घरच्या हाताने. उलटं करणारे बरेच भेटतात, नातवाला मशीनची आणि "दानाची" मात्र हाताची, कारण ती लोक बघणार! नातवाची गोधडी बिछान्यावर जपून वापरली जाणार, तिला नाजूक हाताचे टाके परवडतात.

मशीनवर घालण्याआधी कच्चा धावदोरा घालून थर पक्के टाचून घ्यायला विसरू नका. टाचण्यांवर भागत नाही, एखादी आत राहते.

तिरपा_टाका

हाताच्या टाक्यांसाठी: थर सतरंजीवर पसरू नका, खाली सरकतात. फरशीवर पसरा, सगळ्यात खालच्या थराचे कोपरे चिकटपट्टीने फरशीला लावा, प्रत्येक थर हाताने मधून बाहेर सारत सुरकुती काढा. कडेला वरवंटा, विटा, डबे, जे असेल ते ठेवा. मग कच्चा धावदोरा, वीतभर अंतराने, उभा आणि आडवा.

दाभण वापरू नका, ती पोत्यांना ठीक. मऊ जुन्या कापडात तिची भोकं राहतात आणि तिथून ते फाटतं. लांब, बारीक सुई घ्या. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा चिवट असतो खरा, पण ताण आला की दोरा तुटत नाही, जुनं कापडच फाटतं. दोऱ्याला मेण लावून घ्या, गुंता होत नाही. हातभरापेक्षा लांब दोरा ओवायचा नाही. बोटाला अंगुस्तान हवंच, सहा थरांतून सुई ढकलताना दुसऱ्या दिवशी कळतं.

सुरुवात कडेनं. एका कोपऱ्यातून निघून चारी बाजूंनी चौकट, मग आत दुसरी चौकट, असं करत मधे.

जर्सीची_शेजारीण

तिरपा_टाका, इथे जरा आक्षेप. मी न्यू जर्सीत आमच्या क्विल्ट गिल्डमध्ये (तिकडच्या गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळात) जाते आणि तिथे पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: मधून बाहेर. कडेनं आत गेलं की सगळी सैल जागा मध्यात गोळा होते आणि फुगा येतो.

तिरपा_टाका

फुगा येतो तो कच्चा दोरा नीट नसला तर. आमच्याकडे कडेनंच करतात कारण गोधडी मांडीवर घेऊन, गप्पा मारत, महिनाभर शिवली जाते. कडा आधी बंद झाल्या की उचल-ठेव करताना थर सरकत नाहीत. तुमच्याकडे फ्रेम असते, मधे कापसाचा किंवा पॉलिस्टरचा भराव असतो, त्याचं वागणं वेगळं. साडीवर साडी एकमेकींना धरून बसतात.

मीनलताई, पहिलं दुपटं करून बघा, फुगा आला तर पुढचं मधून करा. सहा थरांच्या दुपट्यात काही बिघडत नाही.

जर्सीची_शेजारीण

हे पटलं. आमच्यात भराव असतोच.

दान देण्याबद्दल थोडं. इथे प्रोजेक्ट लायनस म्हणून १९९५ पासून चालणारी संस्था आहे, आजारी आणि अडचणीतल्या मुलांना हाताने केलेली पांघरुणं देते. त्यांचा नियम: नवीनच हवं, मशीनमध्ये धुता येईल असं हवं. आमच्या गिल्डच्या बायका त्यावर आणखी एक पाळतात, सुगंधी साबण किंवा अत्तराचा वास नको, दम्याच्या मुलांना त्रास होतो. जुन्या साडीच्या गोधड्या मी तिथे देऊ शकत नाही म्हणून सुरुवातीला मला राग यायचा. हॉस्पिटलमध्ये जाणारी वस्तू म्हटल्यावर तो नियम बरोबरच आहे. तुमच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर कापड धुऊन चांगलं उन्हात वारवा.

मोरपंखी_काठ

मला एक विचारायचं आहे, रागावू नका. गेलेल्या माणसाच्या साड्या तान्ह्या बाळाला? आमच्या घरी चालत नाही.

मीनल_कराड

रागावण्यासारखं काही नाही. आमच्याकडे पणजीच्या लुगड्याचं पहिलं दुपटं मुद्दाम करतात. भाचीनेच मागितलंय, आणि तिच्या सासरी मी विचारून घेतलंय.

डॉक्टर_मामी

साड्या कुणाच्या हा तुमच्या घरचा प्रश्न, मी बाळाबद्दल बोलते.

दुपटं मांडीवर घ्यायला, मालिशीला खाली, कोवळ्या उन्हात न्यायला उत्तम. पण पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण टाकून ठेवायचं नाही. ते तोंडावर येतं आणि बाळाला दूर करता येत नाही. खालीही गुबगुबीत काही नको. टिकल्या, आरसे, मोती, गोंडे, सुटणारी जर, काहीही नको. रेशमी काठ उसवून वेगळे ठेवा.

कोप्यांमधल्या अगदी तान्ह्यांसाठीही गोधडीपेक्षा टोपडी, पायमोजे आणि पूर्ण बाह्यांची अंगडी जास्त उपयोगाची. थंडीत बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे बरीच जाते. तुमच्या उरलेल्या ३६ इंचांच्या तुकड्यांत दुहेरी कापडाची टोपडी होतील, नाड्या आखूड ठेवा. गोधड्या दोन वर्षांपुढच्यांना.

अण्णा_बीडवाले

मामी बरोबर बोलल्या. टोपडं फडावरही कामाला येतं. झोळीत टाकलेल्या लेकराचं डोकं उघडं असतं.

मीनल_कराड

सगळ्यांचे आभार. आता असं ठरलंय. दोन दुपटी आणि नातवांच्या दोन वाकळा सुती पाचवारीच्या, हाताने. फक्त एका नातवाला पणजीची जांभळी नऊवारी वरच्या थराला हवी आहे, ती तशीच अख्खी दिसेल अशी ठेवते, ठिगळं नाहीत. बाकीच्या सुती गडद साड्यांच्या चार थरांच्या, पाच बाय चार, मशीनवर. तुकड्यांची टोपडी. नायलॉनच्या साड्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवते, रेशमी तिन्ही नणंदेकडे.

गल्लीतल्या दोघी-तिघी टाचायला यायला तयार आहेत. एक मावशी पूर्वी वाकळा शिवून द्यायच्या, त्यांना नातवांच्या वाकळांचे हाताचे टाके द्यावेत असं मनात आहे. फुकट नाही, रीतसर मजुरी देऊन. कशी ठरवतात?

गोट_आणि_काठ

नगावर ठरवू नका, त्यात त्यांचं नुकसान होतं. त्या बारीक टाके घालणाऱ्या असतील तर जास्तच. सहा थरांची सिंगल म्हणजे पुष्कळ दिवसांचं काम. त्या दुसरीकडे कामाला गेल्या असत्या तर जी रोजंदारी मिळाली असती ती धरा आणि सुई-दोरा तुमचा.

मीनल_कराड

ठीक, तसंच करते. शेवटचं: बाजारात सगळीकडे पॉलिस्टरचीच रिळं दिसतायत. सुती दोरा मागितला की दुकानदार माझ्याकडेच बघतो.

तिरपा_टाका

शिवणाच्या दुकानात मागू नका, भरतकामाच्या दुकानात जा. क्रोशाचा सुती दोरा मागा, ४० नंबर. नंबर जितका मोठा तितका बारीक. गादीवाल्याकडचा घेऊ नका, फार जाड पडतो. आधी एकच गुंडा आणा, गरम पाण्यात बुडवून रंग उतरतो का बघा, मग बाकीचे.