नव्या जलशुद्धीकरण केंद्राच्या निवेदनावर सही करण्यापूर्वी

सचिव (अ-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. कोल्हापूर महापालिकेने शहरासाठी आणखी एक जलशुद्धीकरण केंद्र उभारण्याचा विचार करावा, अशा मागणीचे निवेदन आपल्या भागातील सोसायट्यांमध्ये सह्यांसाठी फिरत असून काल ते माझ्याकडे आले आहे. रविवारच्या बैठकीपूर्वी आपापले मत याच ग्रुपवर मांडावे, ही विनंती. सुप्रभातचे संदेश दोन दिवस थांबवले, तर चर्चा शोधत बसावे लागणार नाही.

ब-३०१: माझ्या मते विचार करण्यासारखे काही नाही, सही करावी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ मध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सासूबाई गच्चीच्या पाईपाखाली पातेली लावून पावसाचे पाणी भांड्यांसाठी साठवत होत्या. शहर पाण्यात आणि घागर रिकामी, अशी वेळ पुन्हा येऊ नये.

क-२०४: ताईंनी लिहिलेला प्रसंग आपण सर्वांनीच भोगला आहे, मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. महापुरात शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रांत पाणी शिरले, पंप बंद पडले आणि म्हणून नळ कोरडे राहिले. त्या वेळी शुद्धीकरणाची क्षमता दुप्पट असती, तरी टाक्यांत घ्यायला नदीचे पाणी वर चढतच नव्हते. त्यामुळे नवे केंद्र कोठे होणार यापेक्षा त्याला पाणी कोठून मिळणार, पंप पूररेषेच्या वर असणार का आणि वीज गेल्यावर ते कशावर चालणार, हे निवेदनात आधी विचारायला हवे. फिरत असलेल्या कागदावर यातले एकही वाक्य नाही. मी तो दोनदा वाचला.

काळम्मावाडी धरणापासूनची सुमारे ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन २०१३ मध्ये मंजूर झाली आणि तिचे पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोहोचले. धरणाच्या साठ्यात बराचसा गाळ तळाला बसलेला असतो आणि नदीकाठच्या गावांचे सांडपाणी बंद पाईपात येत नाही. पंचगंगेचे जुलैतले पाणी मात्र दूध घातलेल्या चहासारखे असते. ही दोन पाणी एकाच मापाने साफ होत नाहीत. तुरटीची मात्रासुद्धा रोज पाणी तपासून ठरवावी लागते. म्हणून नव्या केंद्राचा आराखडा कोणत्या पाण्यासाठी करायचा, हा पहिला प्रश्न ठरतो.

मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे हे काम मला परके वाटत नाही. आम्ही उसाच्या रसात चुना आणि गंधकाचा धूर सोडून मळ खाली बसवत असू आणि वरचा निवळ रस पुढे पाठवत असू. पाण्याच्या केंद्रातही तुरटीने बारीक कण एकमेकांना धरतात, जड होऊन खाली बसतात, वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. रसाला निवळायला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर कारखाना थांबत नाही. साखर काळपट उतरते, एवढेच. पाण्याचेही तसेच आहे. केंद्रावर क्षमतेपेक्षा जास्त पाणी ढकलले, तर ते बंद पडत नाही. ते नुसते वाईट पाणी देऊ लागते आणि तक्रार येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. क्षमता वाढवण्याला माझा विरोध नाही, याचे कारण हेच.

परंतु थोडा हिशोब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे त्या लोकसंख्येला सुमारे ७४ दशलक्ष लिटर पाणी घरात पोहोचायला हवे. आता समजा, वाटेत दहांतले तीन लिटर गळून जातात, तर केंद्रातून १०६ दशलक्ष लिटर सोडावे लागतील. मधले ३२ दशलक्ष लिटर पाणी तुरटी घालून, गाळून, क्लोरीन मिसळून आपण जमिनीत मुरवणार. तेवढी गळती बुजवणे हेसुद्धा एक केंद्र बांधण्यासारखेच आहे, फक्त त्याचे उद्घाटन करता येत नाही.

अ-४०३: काका, आपली माहिती मोलाची आहे. तथापि, जवळपास प्रत्येक घरात आरओ बसवलेला असताना आपण या तपशिलात इतके का शिरावे? नगरपालिका असो वा महापालिका, पाणी भरपूर द्यावे. पिण्यापुरते आपण घरी शुद्ध करतोच.

क-२०४: आपल्या वॉचमनच्या खोलीत आरओ नाही, आणि जिन्यातल्या नळावर ओंजळ धरून पाणी पिणारी मुलेही आपलीच आहेत. शिवाय भाजी धुणे, चूळ भरणे, तान्ह्या बाळाची अंघोळ हे सगळे साध्या नळावरच चालते. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती कावीळ सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरते. आरओचा उपयोग मी नाकारत नाही, पण एका पेल्यासाठी त्याहून अधिक पाणी मोरीत सोडणारे यंत्र हे शहराच्या पाण्याला उत्तर नव्हे.

आता जे लिहितो आहे, ते आपल्या सर्वांना थोडे लागेल. मागच्या वर्षी क विंगमध्ये पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटे वास येत होता आणि आपण याच ग्रुपवर सगळा राग केंद्रावर काढला होता. प्लंबरने फरशी उचलली, तेव्हा आपल्याच जोडणीचा लोखंडी पाईप रस्त्याकडेच्या गटारातून आडवा गेलेला निघाला. गंजाचा पोपडा नखाने निघत होता आणि त्याखाली जोंधळ्याच्या दाण्याएवढे भोक होते. पाणी सुरू असताना त्या भोकातून ते बाहेर उडत असे. पुरवठा बंद झाला की पाईप रिकामा होताना तेच भोक गटारातले पाणी आत ओढून घेत असे. मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतचा तो तुकडा आपल्या खर्चाचा आणि आपल्या जबाबदारीचा होता. बदलायला अर्धा दिवस लागला.

ब-३०१: ते मला आठवते. मीच सर्वांत जास्त बोलले होते. मग आता सही करायची की नाही, एवढे सांगावे.

क-२०४: करावी, पण कागद दुरुस्त करून. केंद्राच्या मागणीबरोबर जुन्या वितरण वाहिन्या बदलणे, पूररेषेच्या वरचे पंप आणि भागाभागांतल्या शेवटच्या नळावरची क्लोरीनची नोंद लोकांना पाहता येणे, या गोष्टी त्यात घालाव्यात. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. केंद्राच्या दारात ते भरपूर असते. ते शेवटच्या घरापर्यंत उरले की वाटेतली वाहिनी बऱ्यापैकी धड आहे, असे समजावे. ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी, सोपी आहे: नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे दोन-चार थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते, आणि पिवळे झालेच नाही, तर केंद्र नवे की जुने हा प्रश्नच उरत नाही.

सचिव (अ-१०२): आपली सूचना मला पटते. निवेदनाचा दुरुस्त मसुदा काकांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यावा. तो मी इतर सोसायट्यांच्या सचिवांना दाखवतो. अ आणि ब विंगच्या जोडण्या कोठून गेल्या आहेत, याचा नकाशा सोसायटीच्या कपाटात नाही, हे मात्र मला आज कपाट उघडल्यावर कळले. तेव्हा रविवारी बैठकीआधी, पाणी येण्याच्या वेळी सहा वाजता, गेटजवळच्या मीटरपाशी जमावे. काका ओटी टेस्टची नळी आणणार आहेत. पहिला नमुना मीटरजवळचा, दुसरा वॉचमनच्या नळाचा आणि तिसरा ब विंगच्या गच्चीवरच्या टाकीतला घेऊ. प्लंबरला फरशी उचलण्यासाठी मी आताच सांगून ठेवतो. अ विंगसमोर गाड्या लावणाऱ्यांनी शनिवारी रात्री त्या पलीकडे लावाव्यात.