मदत हवी आहे: नदी ‘खवळते’ का?

नमस्कार मंडळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यावर वस्तीच्या स्मरणिकेत लिहितोय. ‘नदी खवळली’ असं लिहिलं, तर संपादन करणाऱ्या काकू म्हणतात, खवळतो तो समुद्र, नदी फुगते. मला ‘फुगली’ फार मवाळ वाटतं. फुगण्यात पाणी नुसतं चढतं. खवळण्यात लाटा, घोंघाट, राग सगळं येतं. माणूस खवळतो, पित्त खवळतं, भूकसुद्धा खवळते, मग नदीलाच मनाई का? ‘दुथडी भरून’ तर नकोच, घरात फ्रिज तरंगत असताना तो शब्द शोभत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात? जुन्या लेखनातलं उदाहरण असल्यास जरूर द्या, शुक्रवारी मजकूर छपाईला जातोय.