पाणी पावसानं पळवलं का बोरनं?

संत्रापट्टा: राजेहो, परवा पानठेल्यावर विहिरी काऊन आटल्या यावर परत तेच, "पाऊसच राहिला नाही, वातावरण बदललं." मले काई पटत नाही. वरुड-मोर्शीत, आपल्या अमरावतीच्या संत्र्याच्या भागात, पाऊस कमीजास्त होते, आज्याच्या टायमालेही होतच होता. बदललं ते रान. धुरे (बांध) नांगरून वावरात घेतले, नाल्याकाठचं झाडझुडूप काढून बाग पार पाण्याला टेकवली, ज्वारी गेली सोयाबीन आलं, आन बोर तर विचारूच नका, 800-1000 फूट. भूजल कायद्यात 60 मीटर म्हणजे 200 फुटांच्या पुढं गेलं की ती खोल विहीर, सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात तिले बंदी. कोण पाळते? आपले तालुके अतिशोषित (भरते त्याहून उपसा जास्त) यादीत ढगामुळं गेले का?

मोर्शीवाला: भाऊ, सगळं शेतकऱ्याच्याच डोक्यावर काऊन फोडता? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आन त्यांच्या टीमचा 2017 चा अभ्यास हाये, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात एका दिवसात 150 मिमीच्या वर, मोठ्या भागावर पडणारे पाऊस तिप्पट झाले. वर्षाची बेरीज तुमाले तीच दिसन, पण ती जिरते कुठं? काळी माती चिंबली की फुगते, भेगा मिटतात, मंग वरून कितीबी पडो, नाल्याले नुसता गढूळ पूर. जुलै 2023 ले यवतमाळच्या महागाव तालुक्यात हेलिकॉप्टर बोलवायची पाळी आली, ते पाणी कोणाच्या विहिरीत गेलं सांगा.

मुरूम_मास्तर: दोघंही अर्धं बोलून राहिले. मी पाणलोटाच्या कामावर असतो, साधा हिशेब मांडतो. आपल्या काळ्या खडकात, म्हणजे झिजलेल्या मुरमात धरून, पाण्याची साठवण खडकाच्या आकारमानाच्या 1 ते 3 टक्के. 2 धरा. विहिरीची पातळी 1 मीटर वर आली तर खरं पाणी साठलं 20 मिमी, एकरी जेमतेम 80 हजार लिटर. आता एकरात 6 बाय 6 मीटरवर संत्र्याची 110 झाडं, मे महिन्यात मोठ्या झाडाला रोजचे 100 लिटर धरले तर 11 हजार लिटर. आठवड्यात मीटर खलास! आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) घेणाऱ्यानं जानेवारीत ताण तोडला, म्हणजे तहानलेल्या झाडाला पाणी सुरू केलं, की तिथून जूनपर्यंत उपसाच उपसा, मग पाऊस सरासरीइतका पडूनही विहीर कोरडी दिसणारच. (पूर्णेकडच्या गाळाच्या भागाचं गणित वेगळं, तिकडं खारपाण म्हणजे खारं भूजल पण आहे, ते यात घुसवू नका.)

संत्रापट्टा: हेच तर म्हणून राहिलो मी!

मोर्शीवाला: नाही, तुमी म्हणता पावसाचा संबंधच नाही. पाऊस संथ पडला असता तर 1 च्या जागी 3 मीटर भरलं असतं का नाही? आन बाग सोडून शेतकऱ्यानं लावावं काय? पिवळं सोनं म्हणून सोयाबीन लावलं, आता भाव पाहा त्याचा.

झाडीतला: मी भंडाऱ्याकडचा. आमच्याकडं पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, तरी उन्हाळ्यात बोंब. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी (जुन्या जमीनदारीच्या काळातले) तलाव, खाली बोड्या म्हणजे छोटी तळी, वरच्याचा सांडवा खालच्यात. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं गेले, गाळ काढायचं काम कोणाचंच राहिलं नाही, पोटात अतिक्रमण करून धान लावला. ढग बदलले असतील, पण तलाव तर ढगानं नाही बुजवला ना.

नाला_खोल: जलयुक्त शिवार ही सरकारी जलसंधारण योजना 2014 च्या डिसेंबरात आली, त्यात आमच्या गावी नाला जेसीबीनं एवढा खोल केला की मुरूम संपून खडक लागला. पहिल्या वर्षी सगळे फोटो काढायले गेले. पण शेजारच्या विहिरीचे झरे आता नाल्यात फुटतात, दिवाळीपर्यंत नाला चकाचक वाहते, विहीर मात्र आधीच बसते. माथ्यावर समतल चर (उताराला आडवे, पाणी अडवणारे खड्डे) नाही, बांध नाही, डायरेक्ट पायथ्याशी मशीन, अन् त्याले म्हणे पाणलोट विकास.

मुरूम_मास्तर: आधी माथ्यावर, मग पायथ्याला काम, हा माथा ते पायथा क्रम कागदावर सगळ्यांना पाठ असतो. माथ्यावर चर खणले तर त्यात ठेकेदाराला मुरूम मिळत नाही, एवढंच.

संत्रापट्टा: मंग काय करायचं ते बोला ना. माझं म्हणणं, गावानं नोव्हेंबरात विहिरी मोजाव्या आन पाणी पाहून कोणी कोणता बहार धरायचा ते ग्रामसभेत ठरवावं. मृग बहारवाल्याले (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) तरी पावसाचा आधार असते. नवीन बोर बंद.

मोर्शीवाला: ज्याचे चार बोर आधीच झाले त्याले "नवीन बोर बंद" सोपं वाटते. आधी जुन्या बोरचा उपसा मोजा, मंग बसू ग्रामसभेत. आन 7.5 एचपीपर्यंतची मोफत वीज बंद करा असं कोणी टाकणार असन, तर आताच सांगून ठेवतो, माझा विरोध.