सेरामाइडवालं क्रीम लावूनही चेहरा चुरचुरतोय, कारण काय असेल? (मदत हवी आहे)

रेघोट्या (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेले काही आठवडे माझी त्वचा एकाच वेळी तेलकट आणि कोरडी झाली आहे. कपाळ आणि नाक चमकत असतं, पण तोंड धुतलं की गाल ताणल्यासारखे होतात. नाकपुड्यांच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत पापुद्रे निघतात. ज्या सनस्क्रीनचा आजवर कधी त्रास झाला नाही, तेही आता चुरचुरतं. मैत्रीण म्हणाली, "तुझं स्किन बॅरियर बिघडलंय, सेरामाइडवालं क्रीम घे." घेतलं. लावल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, मग परत तेच.

सध्या सकाळी भरपूर फेस येणारा फेसवॉश, व्हिटॅमिन सी सीरम, सेरामाइड क्रीम आणि सनस्क्रीन असं चालू आहे. रात्री तोच फेसवॉश, एक दिवसाआड ग्लायकॉलिक टोनर, मग ट्रेटिनॉइन (मुरुमांसाठी डॉक्टरांनी दिलेलं) आणि वरून पुन्हा सेरामाइड क्रीम.

सेरामाइड हा स्निग्ध पदार्थ त्वचेत मुळातच असतो म्हणतात. मग वरून लावलेलं खरंच आत जातं, की हे सगळं जाहिरातीपुरतं? डबीवर मोठ्या अक्षरांत 'तीन सेरामाइड्स' छापलंय, पण मागच्या यादीत ती पार तळाला आहेत. ही फसवणूक समजायची का? आणि मुख्य म्हणजे फरक का पडत नाहीये? कृपया "अमुक क्रीम घे" एवढंच सांगू नका. कारण कळलं तर पुढचं माझं मला ठरवता येईल.

मध्यरात्र

टोनर आजपासून बंद करा. बाकीचं नंतर बोलू.

प्रयोगवही

मध्यरात्र यांच्याशी सहमत. पण ताई, तुम्ही कारण विचारलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रॉन. त्यात चपट्या, मेलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. पीटर इलायस या त्वचासंशोधकांनी १९८० च्या दशकात याला विटा आणि सिमेंटची उपमा दिली, ती आजही चालते. या सिमेंटचं वजन पाहिलं तर साधारण निम्मं सेरामाइड, पाव कोलेस्टेरॉल आणि १० ते १५ टक्के मुक्त फॅटी अॅसिड्स. तिन्ही मिळून एकावर एक पातळ पदर तयार होतात. सेरामाइडच्या लांब, सरळ साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून बसतात की आतलं पाणी सहजी बाहेर उडून जात नाही आणि बाहेरचं काही सहजी आत शिरत नाही. बॅरियर बॅरियर म्हणतात ते हेच.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी. हे सेरामाइड डबीतून येत नाही, त्वचा स्वतः बनवते. खालच्या जिवंत पेशी त्याचा कच्चा माल छोट्या पिशव्यांत भरतात आणि वरच्या थराच्या सीमेवर पेशींच्या मधल्या जागेत ओततात. तिथे एन्झाइम्स त्या मालाचं सेरामाइडमध्ये रूपांतर करतात. या एन्झाइम्सना आम्लधर्मी वातावरण लागतं. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्लधर्मी) साधारण ५ च्या आसपास असतो तो काही उगीच नाही. साबणाचा पीएच ९ ते १० असतो. पीएच वर गेला की सेरामाइड बनवणारी एन्झाइम्स मंदावतात, आणि पेशींना जोडणारे टाके कापणारी दुसरी एन्झाइम्स जोर धरतात. पापुद्रे निघतात त्यामागचं हे एक कारण.

तुमच्या यादीकडे या नजरेने बघा. दिवसातून दोनदा जोरदार फेस म्हणजे दोनदा स्निग्धांश धुऊन जाणार. ग्लायकॉलिक त्या जोडण्या सैल करतं, तेच त्याचं काम आहे. ट्रेटिनॉइन पेशींची उलाढाल वाढवतं आणि वरचा थर पातळ करतं. व्हिटॅमिन सी जर एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड असेल तर तेही बरंच आम्लधर्मी असतं. यातली एखादी गोष्ट बहुतेकांची त्वचा निभावून नेते. सगळ्या मिळून तोडफोडीचा वेग दुरुस्तीच्या वेगाच्या पुढे जातो. मग वरून सेरामाइड लावा नाहीतर आणखी काही, ते पुरं पडणार नाही. सनस्क्रीन चुरचुरतं याचा अर्थ त्यातले घटक आता जिवंत थरांतल्या मज्जातंतूंपर्यंत पोचतायत. सनस्क्रीनला दोष देऊ नका.

मध्यरात्र

माझं मत थोडं कडू आहे. सेरामाइडच्या नावाखाली निम्मा बाजार उभा आहे. साधी पेट्रोलियम जेली पाणी उडणं जेवढं रोखते तेवढं यातलं कुठलंच महागडं क्रीम रोखत नाही.

प्रयोगवही

पाणी रोखण्यापुरतं बरोबर आहे. पेट्रोलियम जेलीला त्या बाबतीत तोड नाही. ती नुसती वर बसून राहते असं समजत, पण १९९२ साली दिसून आलं की ती स्ट्रॅटम कॉर्नियमच्या मधल्या जागांतही झिरपते आणि खालच्या दुरुस्तीत अडथळा आणत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. १९९० च्या दशकात इलायस यांच्या गटाने अॅसिटोनने बॅरियर मोडलेल्या उंदरांच्या त्वचेवर स्निग्ध पदार्थ लावून पाहिले. नुसतं सेरामाइड किंवा तिघांपैकी कुठलेही दोनच लावले तर दुरुस्ती उलट लांबली. तिन्ही सारख्या प्रमाणात लावले तर ती नेहमीच्या वेगाने झाली. आणि एका घटकाचं प्रमाण तिप्पट ठेवलं, म्हणजे ३:१:१, तर वेग वाढला. बाजारात '३:१:१' असा आकडा मिरवतो तो इथून आलाय. फक्त ते प्रयोग मोजून केलेल्या मिश्रणांवर होते, डबीत तेवढं असतंच असं नाही. म्हणून यादीत सेरामाइडसोबत कोलेस्टेरॉल आणि एखादं फॅटी अॅसिड दिसतंय का ते बघायचं. नुसतं सेरामाइड बघून हुरळून जायचं नाही.

निळी शाई

यादीत तळाला असण्याबद्दल मी सांगते, माझा फॉर्म्युलेशनशी रोजचा संबंध आहे.

१ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालचे कुठल्याही क्रमाने छापले तरी चालतात. एक सोपी खूण सांगते: फिनॉक्सीइथेनॉल. हे परिरक्षक युरोपीय नियमांनुसार १ टक्क्यापर्यंतच वापरता येतं, आणि जगभरच्या बऱ्याच उत्पादनांत ते त्याच मर्यादेत असतं. सेरामाइडचं नाव त्याच्या नंतर आलं तर ते बहुधा १ टक्क्याच्या आतच आहे. बहुतेक सगळ्या क्रीममध्ये हेच चित्र दिसेल, त्यामुळे एकट्या तुमच्या कंपनीवर राग काढू नका.

याला तांत्रिक कारणही आहे. सेरामाइड मेणासारखं घन असतं. पाण्यात अजिबात विरघळत नाही, तेलातसुद्धा नाखुशीनेच. विरघळवायला चांगलंच तापवावं लागतं, आणि प्रमाण वाढवलं की थंड झाल्यावर स्फटिक होऊन बाहेर पडायला बघतं. टक्केवारी नुसती फुगवून भागत नाही ते यामुळे. तो 'तीन' आकडा म्हणजे एनपी, एपी, ईओपी अशी नावं असतील. पूर्वी यांना सेरामाइड ३, ६-२, १ असे क्रमांक असायचे, त्यामुळे जुन्या-नव्या डब्या ताडून बघताना गोंधळ होतो.

मी यादी वाचते तेव्हा आधी वरचे पाच-सहा घटक बघते: ग्लिसरीन किती वर आहे, पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) किंवा डायमेथिकोन (एक सिलिकोन) आहे का. लावल्या लावल्या वाटणारा आराम बहुतांशी यांचाच असतो, श्रेय मात्र सेरामाइडला जातं. आणि सुगंध! बॅरियर मोडलेल्या चेहऱ्यावर सुगंधी क्रीम कशाला, मला कधी कळलेलं नाही.

'आत जातं का' याबद्दल: मुख्यतः स्ट्रॅटम कॉर्नियमच्या वरच्या पदरांत मिसळतं. काम तिथलंच आहे, त्याहून खोल जायची गरजही नाही.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार, डोक्यात बराच उजेड पडला. एक मात्र अजून पटत नाही. माझं नाक-कपाळ तेलाने चमकतं. एवढं तेल असताना बॅरियरला स्निग्धांश कमी कसा पडतो?

प्रयोगवही

फार छान प्रश्न. चमकतं ते सीबम. ते तैलग्रंथींतून येतं आणि त्यात ट्रायग्लिसराइड्स, वॅक्स एस्टर्स, स्क्वालीन असा माल असतो. सेरामाइड त्यात जवळजवळ नसतंच. दोघांचा उगम वेगळा आणि जागाही वेगळी: सीबम पृष्ठभागावर पसरतं, सेरामाइड पेशींच्या मध्ये बसतं. त्यामुळे वरून तेलकट आणि आतून गळकं हे एकाच चेहऱ्यावर सुखाने नांदू शकतं. लोक अशा वेळी तेलकटपणा घालवायला आणखी कडक फेसवॉश घेतात आणि दुष्टचक्र सुरू होतं.

वरून कुठलंही तेल चोपडणं हाही उपाय नाही. ऑलिव्ह तेलासारखी ओलेइक अॅसिड जास्त असलेली तेलं ते पदर उलट विस्कटवतात. लिनोलेइक अॅसिड मात्र त्वचेला हवंच असतं, पदर सांधणाऱ्या एका खास सेरामाइडमध्ये तेच जोडलेलं असतं.

सगळं शांत झाल्यावर नायसिनामाइडचा (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) विचार करा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याने त्वचेचं स्वतःचं सेरामाइड उत्पादन वाढलेलं दिसलं. पण आत्ता नाही. आत्ता नवीन काहीच नको.

मध्यरात्र

अवांतर: एक्झिमावाल्यांचं प्रकरण वेगळं असतं हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर कुणीतरी हा धागा वाचून औषध सोडायचं. अॅटोपिक एक्झिमात त्वचेत सेरामाइड कमी असतं हे १९९१ पासून माहीत आहे. तिथे मॉइश्चरायझर हवंच, पण भडका उडाल्यावर सूज उतरवणारं औषधही लागतं. आणि जन्मल्यापासून बाळाला रोज मॉइश्चरायझर चोपडलं तर एक्झिमा टळतो का, हे तपासणाऱ्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचं २०२० मधलं उत्तर 'नाही' असंच आलं.

निळी शाई

रेघोट्या, एक शंका. पापुद्रे फक्त नाकपुड्यांजवळ आणि ओठांच्या कोपऱ्यांतच आहेत का? ट्रेटिनॉइन त्याच खोबणींत साठून जळजळ करतं, हे तर झालंच. पण तिथे लाली आणि पिवळसर, तेलकट खपल्या असतील, भुवयांत किंवा डोक्यातही कोंडा असेल, तर सेबोऱ्हीक डर्मटायटिस असू शकतो. त्यात मॅलेसिझिया नावाच्या यीस्टचा हात असतो, सेरामाइडने तो जाणार नाही. आणि कुणी 'लगेच आराम देणारं' म्हणून स्टेरॉइडवालं क्रीम सुचवलं तर मनाने लावू नका. चेहऱ्यावर ते लांबत गेलं की बॅरियर आणखी पातळ होतं, वर तोंडाभोवती पुरळ उठतं ते वेगळंच.

रेघोट्या

भुवया स्वच्छ आहेत, खपल्या कोरड्याच आहेत. तरी डॉक्टरांना दाखवतेच, ट्रेटिनॉइन किती दिवस थांबवायचं तेही त्यांनाच विचारते. टोनर आणि व्हिटॅमिन सी बाजूला ठेवलं. सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतलं तर चालेल ना? आणि नक्की फरक कधी दिसावा?

प्रयोगवही

चालेल. रात्री सनस्क्रीन काढायला मात्र सौम्य, साबणविरहित क्लेन्झर लागेल. पाणी कोमट, कढत नको. टॉवेलने टिपायचं आणि चेहरा दमट असतानाच क्रीम लावायचं. पापुद्र्यांच्या कोपऱ्यांत वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा.

चुरचुर पहिल्या आठवड्यातच कमी व्हायला हवी. वरचा थर पूर्ण बदलायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा त्याआधी निकाल लावू नका. महिन्यानंतरही तसंच राहिलं तर प्रश्न बॅरियरचा नसून दुसराच आहे असं धरून परत दाखवा.

ट्रेटिनॉइन पुन्हा सुरू कराल तेव्हा आधी क्रीम, मग ट्रेटिनॉइन, असा क्रम डॉक्टरांना विचारून बघा. जळजळ बरीच कमी होते.

मध्यरात्र

आणि सनस्क्रीन सोडू नका. चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइडवालं बघा.