नाताळात टोरांटो: आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

(मनूताई टोरांटोला असते. आई, बाबा आणि सातारची आत्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्याकडे चाललेत. ओळखीतल्या काही जणांचे आई-वडीलही याच सुमारास जाणार आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून ग्रुपवरचं बोलणं इथे डकवतोय. सुप्रभातची फुलं आणि काकांचे फॉरवर्ड गाळलेत.)

बाबा: मनू, तिकिटं झाली. आता रोजचा कार्यक्रम लिहून पाठव. सकाळी ८ ला बाहेर, रात्री ८ ला घरी. नायगारा, सीएन टॉवर, म्युझियम, तो किल्ला, ऑटावा, जमलं तर मॉन्ट्रियल.

मनूताई: बाबा 🙏 सकाळी ८ ला इथे नुकतं उजाडलेलं असतं. त्या आठवड्यात सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. तुमचा बारा तासांचा कार्यक्रम जुलैसाठी ठेवा. आत्ता माझा हिशेब असा आहे: दुपारी छपराखालचं एक ठिकाण, अंधार पडला की तासभर बाहेर रोषणाई, मग घरी येऊन पिठलं-भात. एका दिवसात याहून जास्त नाही.

बाबा: एवढे पैसे खर्चून दिवसाला एकच ठिकाण?

मनूताई: हो. मागच्या वर्षी इकडच्या सासू-सासऱ्यांना दिवसाला तीन दाखवली होती. दुसऱ्या दिवसापासून दोघंही सोफ्यावरून उठले नाहीत.

काका डोंबिवली: दादा, तिचं ऐक. मनू, बर्फ किती फूट असतो?

मनूताई: काका, शून्य फूटसुद्धा असू शकतो. टोरांटोत नाताळला बर्फ पडलेलाच असेल याची खात्री कोणी देत नाही. डिसेंबरात दुपारी पारा शून्याच्या वर दोन-तीन अंशांपर्यंत जातो, त्यामुळे बरेचदा पाऊस नाहीतर चिखलासारखा पातळ बर्फ. खरा जोर असतो जानेवारी-फेब्रुवारीत. आत्ता छळतो तो ओंटारिओ तलावावरून येणारा वारा. पारा उणे ५ आणि अंगाला लागतं उणे १५. हवामान बघताना म्हणून दोन आकडे बघायचे, आणि खरा मानायचा तो दुसरा.

चिनू: म्हणजे बर्फातले फोटो नाहीत?? 😭

मनूताई: तू येतेयस का? मग झालं तर.

आत्या सातारा: मनू, मी साडीच नेसणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. आतून काय घालू ते सांग.

मनूताई: खुशाल नेस गं. आतून थर्मलचा जोड, पायात लोकरीचे मोजे आणि बूट. निऱ्या चार बोटं वर घे, रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, काठ पांढरे होतात. जाड जॅकेटं पुण्याहून विकत घेऊन येऊ नका. मैत्रिणींकडून तीन जमवून ठेवलीत. आणि सगळं एकावर एक, पटकन काढता येईल असं घालायचं, कारण दुकानात, ट्रेनमध्ये सगळीकडे हीटर चालू असतात. इथे येणारी माणसं थंडीने कमी आणि आत शिरल्यावर जॅकेटात घामाघूम होऊन जास्त वैतागतात.

आई: खोबरेल तेल आणू का? हात फुटतात म्हणे.

मनूताई: आण. बाटली नको, डबा आण. इथे ते दगड होतं, चमच्याने खरवडावं लागतं.

काका डोंबिवली: विमानतळावरून गाडी आहे का?

मनूताई: आहे ना. पिअर्सन विमानतळ ते शहरातलं युनियन स्टेशन, यूपी एक्सप्रेस नावाची ट्रेन, २५ मिनिटं. पण यांच्याजवळ सहा बॅगा असणार, म्हणून हे कार घेऊन येतील. युनियन स्टेशन तुमच्या वतीने दाखवेन त्यांना. १९२७ साली उघडलं, मोठा हॉल अजून तसाच आहे. आणि काका, तुमच्यासाठी खास: सीएन टॉवरमधलं ‘सीएन’ म्हणजे कॅनेडियन नॅशनल. रेल्वे कंपनी! त्यांनीच बांधला, १९७६ ला पूर्ण केला. शहरात उंच इमारती झाल्या, टीव्हीचे सिग्नल अडायला लागले, म्हणून एवढा उंच काढला. ५५३ मीटर.

काका डोंबिवली: 😲 रेल्वेने! दादा, माझ्या नावाने एक फोटो काढ. आमच्या रेल्वेने निदान कल्याणला सरकते जिने वेळेवर चालू ठेवले तरी पुरे.

बाबा: मग टॉवर पहिल्याच दिवशी.

मनूताई: नाही. टॉवरचं तिकीट आधी काढायचंच नाही. त्या दिवशी खाली उभं राहून वर बघायचं. टोक दिसलं तर जायचं, ढगात असेल तर घरी. ढग असताना वर गेलं की नुसती पांढरी भिंत दिसते आणि तिकीट चांगलं महाग आहे. आकाश मोकळं असलं तर दुपारी साडेतीनच्या सुमारास वर जाऊ. उजेडात तलाव आणि बेटं दिसतील, मग वरूनच दिवे लागताना दिसतील. एका तिकिटात दोन्ही. वर काचेची जमीन आहे, आत्या, तू तिकडे फिरकू नकोस.

आत्या सातारा: मी कास पठाराच्या कड्यावर उभी राहते. काच काय घाबरवणार मला.

आई: वन्सं, तेव्हा तुमचे गुडघे चांगले होते.

मनूताई: गुडघ्यांवरून आठवलं. टॉवरच्या पायथ्याशी मत्स्यालय आहे, रिप्लीज. शार्कच्या बोगद्यात सरकता पट्टा आहे. आपण फक्त उभं राहायचं, मासे डोक्यावरून जातात. ते वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, म्हणून २५ तारखेसाठी राखून ठेवलंय. त्या दिवशी टॉवर बंद, मॉल बंद, रस्त्यात चिटपाखरू नसतं. दूधसुद्धा आदल्या दिवशी आणून ठेवावं लागतं.

मी: आणि २६ ला बॉक्सिंग डे, मोठ्या सेलचा दिवस. ताई, माझे बूट विसरू नकोस.

मनूताई: तुझे बूट ऑनलाइन मागवते. २६ ला ईटन सेंटर मॉलमध्ये आईला घेऊन शिरणं म्हणजे गणपतीत तुळशीबागेत शिरणं.

चिनू: पण तिथे जमिनीखाली सगळं शहर आहे ना? आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं.

मनूताई: हो, ‘पाथ’. ३० किलोमीटरहून जास्त भुयारी रस्ते, ७५ पेक्षा जास्त इमारती जोडलेल्या. युनियन स्टेशनला उतरायचं आणि जॅकेटचं बटण न लावता सिटी हॉलपर्यंत जायचं. थंडीच्या दिवसांत माझ्या लेखी या शहरातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. मात्र आत दिशा कळत नाही, मीसुद्धा अजून चुकते. आणि शनिवार-रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, कारण गिऱ्हाईक म्हणजे वरच्या ऑफिसांतले लोक. म्हणून आपण मंगळवार-बुधवारी जाऊ.
वाटेत रॉयल बँक प्लाझा लागतो. तिथे मात्र बाहेर येऊन वर बघायचं. १४,००० हून जास्त खिडक्या आणि काचांवर खऱ्या सोन्याचा मुलामा. सगळं मिळून २,५०० औंस सोनं. उन्हाळ्यात ऊन बाहेर राहावं, हिवाळ्यात ऊब आत राहावी म्हणून.

आत्या सातारा: तोळ्यात सांग.

बाबा: सहा हजार तोळ्यांच्या वर.

आत्या सातारा: खिडक्यांना??

आई: आणि आम्ही एका पाटलीसाठी लॉकरचं भाडं भरतोय.

मनूताई: 😂 तिथून पुढे सिटी हॉल. १९६५ ची इमारत, फिनलंडच्या व्हिल्यो रेव्हेल नावाच्या आर्किटेक्टची. दोन वाकलेले टॉवर समोरासमोर, मध्ये बशीसारखा सभागृहाचा भाग. बिचारा इमारत पूर्ण व्हायच्या आधीच गेला. समोरच्या चौकात उन्हाळ्यात कारंज्याचं तळं असतं, हिवाळ्यात त्याचंच स्केटिंगचं मैदान होतं. खालून थंड नळ्या आहेत, त्यामुळे हवा शून्याच्या वर असली तरी बर्फ टिकतो. शिरायला पैसे नाहीत, स्केट भाड्याने मिळतात. मोठं नाताळचं झाड, रंगीत अक्षरांतलं ‘टोरांटो’, सगळं तिथेच. पोरं घसरतील, तुम्ही कठड्याशी हॉट चॉकलेट घेऊन उभे राहा. मला विचाराल तर अख्ख्या नाताळातली सगळ्यात छान संध्याकाळ हीच, आणि फुकट.
पूर्वी तिथून जवळच हडसन्स बे कंपनीच्या दुकानाच्या खिडक्या बघायला झुंबड उडायची, आत हलत्या बाहुल्या वगैरे. १६७० सालची कंपनी. २०२५ मध्ये सगळी दुकानं बंद झाली.

बाबा: १६७०? त्याच साली तानाजींनी सिंहगड घेतला. साडेतीनशे वर्षं चालली म्हणजे.

काका डोंबिवली: आणि बंद कशाने? ऑनलाइन?

मनूताई: कर्ज, ऑनलाइन, सगळंच. माझ्या शेजारच्या आजी लहानपणी त्या खिडक्या बघायला जायच्या. त्यांच्यासमोर विषय काढू नका.

चिनू: मनूताई, एक हट्ट. आगा खान म्युझियमच्या शेजारी इस्माइली सेंटर आहे, २०१४ चं. ते आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं आहे! नवी मुंबईच्या आराखड्यातले कोरिया. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे ना, तिची इमारत त्यांनीच केलीय. प्रार्थनागृहावर काचेचा घुमट आहे. बाहेरून तरी फोटो काढून आण ना.

मनूताई: सहा वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं. घेतलं यादीत. म्युझियम आतून बघू, तोवर दुपार निघून जाईल.

आई: झाडंबिडं काहीच नाहीत का बघायला? सगळ्या इमारतीच?

मनूताई: तुझ्यासाठी ॲलन गार्डन्स. काचघर आहे, घुमटाचा भाग १९१० चा, फुकट. बाहेर उणे असताना आत दमट ऊब, ताड, केळी, आणि नाताळात लाल पॉइन्सेटियाच्या रांगा.

आई: केळीची झाडं बघायला मी कॅनडाला येऊ?

मनूताई: पाच दिवस पानं गळालेली झाडं बघितलीस की स्वतःहून चल म्हणशील.

बाबा: किल्ल्याचं काय?

मनूताई: कासा लोमा. किल्ला म्हणजे आपला राजगड नव्हे हं. सर हेन्री पेलॅट नावाच्या श्रीमंताने हौसेखातर बांधलेलं घर, १९११ ते १९१४, ९८ खोल्या. नायगाराच्या विजेच्या धंद्यात पैसा केला. मग वीज सार्वजनिक झाली, जमिनींचे सौदे बुडाले, घरावरचा कर वाढला, आणि दहा वर्षांच्या आत गडी घर सोडून गेला. नाताळात सजवतात सुरेख. तिकिटाच्या मानाने मला तो ठीकठाकच वाटतो, पण तुम्ही वीज मंडळातले, तुम्हाला आवडेल.

बाबा: विजेपायी घर आणि विजेपायी घर गेलं. बघायलाच हवं. आता नायगारा सांग.

मनूताई: नायगारा नक्की, पण तारीख आधी ठरवायची नाही. १३० किलोमीटर, रस्ता कोरडा असेल त्या दिवशी निघायचं. हिवाळ्यात बोट बंद असते. धबधब्यामागचे बोगदे चालू असतात. तुषार उडून कठडे, झाडं, दिव्याचे खांब सगळ्यांवर बर्फाचा थर बसतो, ते उन्हाळ्यात दिसत नाही. रात्री धबधब्यावर रंगीत झोत, आणि नदीकाठाने रोषणाईचा उत्सव जानेवारी उजाडेपर्यंत.
आणि बाबा, हिवाळ्यात तिथे पाणी कमी सोडतात. १९५० चा अमेरिका-कॅनडा करार आहे: एप्रिल ते ऑक्टोबर दिवसा धबधब्यावरून निदान १ लाख क्युसेक पाणी पडलं पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात ५० हजार चालतं. बाकीचं दोन्हीकडच्या वीजघरांना.

बाबा: म्हणजे पर्यटकांसाठी विसर्ग ठरवून दिलाय! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वीजघर बघायला मिळेल का?

आई: झालं. धबधब्याकडे पाठ करून हे वीजघर बघत बसणार.

आत्या सातारा: कोयनेतून ५० हजार सोडलं की आमच्याकडे नदीकाठची माणसं रात्रभर जागी असतात. आणि हे तिकीट काढून बघायचं?

मनूताई: मिळेल बाबा. १९०५ चं जुनं वीजघर संग्रहालय म्हणून उघडलंय, लिफ्टने खाली बोगद्यात नेतात, तो बोगदा थेट नदीशी निघतो. कासा लोमावाल्या पेलॅटच्या कंपनीचं मात्र ते नव्हे, त्याचं वीजघर वेगळं.

बाबा: ऑटावा रद्द केलं तरी चालेल.

काका डोंबिवली: का रे? तिथे कालव्यावर मैलोनमैल स्केटिंग असतं म्हणे.

मनूताई: असतं, रिडो कालवा, ७.८ किलोमीटर. पण तो खराखुरा गोठावा लागतो, आणि ते सहसा जानेवारीत होतं. २०२३ च्या हिवाळ्यात तर एकही दिवस उघडला नाही. डिसेंबरात जाऊन नुसतं पाणी बघाल.

काका डोंबिवली: आणि दारूच्या कारखान्यातली ती जत्रा? यूट्यूबवर बघितली.

मनूताई: डिस्टिलरी डिस्ट्रिक्ट. १८३२ ला सुरू झालेली गुडरहॅम आणि वर्ट्सची कंपनी, आता व्हिस्की बनत नाही, विटांच्या इमारतींत कॅफे आणि गॅलऱ्या आहेत. नाताळचा बाजार दिसायला झकास, पण शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि वर प्रवेशाचं तिकीट. मधल्या वारी दुपारी जाऊ. जमीन विटांची, उंचसखल आहे. आत्या, काठी घे.
खाण्याचं एक सांगते. पुटीन म्हणून बटाट्याच्या फोडी मिळतात, वर चीज आणि ग्रेव्ही. ती ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाची असते. विचारल्याशिवाय आईने घ्यायचं नाही. बीव्हरटेल घे, नाव भयंकर आहे पण तळलेली पुरी आणि वर दालचिनी-साखर.

आई: पुरीला शेपटीचं नाव. बरं.

आत्या सातारा: देऊळ?

मनूताई: स्वामिनारायणांचं मोठं मंदिर आहे, २००७ चं, सगळं कोरीव दगडकाम. एका रविवारी नेते.
बाबा, बसचं. पासष्टच्या वरच्यांना भाडं कमी पडतं, पण प्रेस्टो कार्डावर (भाडं भरायचं कार्ड) वय नोंदवून घ्यावं लागतं. कार्डं मी काढलीत. पहिल्या दिवशी पासपोर्ट खिशात ठेवा, नोंदवून टाकू. एकदा कार्ड लावलं की दोन तास कितीही गाड्या बदला.

आत्या सातारा: मेथीचे लाडू, भाजणी आणि मेतकूट आणतेय. अडवतील का?

मनूताई: घरचं कोरडं चालतं. मात्र विमानतळावर खाण्याचं काही आहे का विचारलं की ‘हो’ म्हणायचं. सगळ्या पिशव्यांवर नाव लिहून चिकटवा. ताजी फळं, कढीपत्ता, तुळशीचं रोप अजिबात नाही. आई, मी तुला ओळखते.

आई: रोप नाही गं. नुसत्या मंजिऱ्या.

मनूताई: मंजिऱ्या म्हणजे बिया. नाही!

काका डोंबिवली: दादा, वजनकाटा घेऊन रविवारी येतो. प्रत्येकी किती किलो?

बाबा: ये. येताना तुझा तो मोठा टॉर्च पण आण. बोगद्यात लागेल.