मदत हवी आहे: परळच्या फुटपाथवर नेमकं काय न्यावं?

जय ख्रिस्त मंडळी. मी रोज परळला उतरते. टाटा रुग्णालयाच्या आसपास गावाहून आलेली कुटुंबं फुटपाथवरच पथारी टाकून असतात. दोन केमोंच्या मधले दिवसही तिथेच. मी कानात इअरफोन घालून पुढे. परवा उपासनेत बायबलमधला लूक 10 वाचला, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला एक परका शोमरोनी मदत करतो. त्याच्या आधी याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) हेही बाजूनेच निघून गेले होते, ते ऐकताना मान वर करवेना.

शोमरोन्याने जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले आणि वर 'परत येईन' म्हणाला. आमचं अडतं ते तिथेच. नाताळात ब्लँकेटं वाटतो, फोटो होतात, जानेवारीत सगळे आपापल्या घरी!

आता दर मंगळवारी संध्याकाळी चौघं जायचं ठरवतोय. केमो चालू असलेल्याला घरचा डबा चालतो का, की तो फक्त नातेवाइकांनाच द्यावा? की अर्ज भरून देणं, प्लेटलेट देणारे शोधणं, धर्मशाळेत जागेसाठी खेटे घालणं जास्त उपयोगाचं? पत्रकं वाटणार नाही, हे नक्की. अडलेल्याच्या हातात ती देणं मला पटत नाही.

असं काम नेमाने करणारं कुणी आहे का इथे? आधी कुणाला भेटू?